बाबा, आईला 'विचार करू नकोस' म्हणू नका

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

फोनवर बाबा "हं, दे आईला" म्हणून मोकळे होतात, म्हणून हे लिहून पाठवतेय. आईने मोठ्याने वाचावं, नाहीतर बाबांचा चष्मा सापडेपर्यंत पत्र फ्रीजवरच पडून राहील.

इंदिरानगरला आले होते तेव्हा रात्री बघत होते. बाबांच्या अँजिओप्लास्टीपासून आई मध्येच उठते, पंखा कमी करते आणि बाबांच्या अंगावरची चादर वरखाली होतेय का ते अंधारात निरखत उभी राहते. बाबांना जाग आली की ठरलेलं वाक्य, "झोप गं, नको ते विचार करू नकोस." सकाळी साध्या चहावरून आई भांडं आदळते आणि बाबा म्हणतात, हिला हल्ली झालंय काय!

बाबा, तुमचा सल्ला मायेचा आहे, पण तो लागू पडत नाही. १९८७ साली डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने लोकांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, आलाच तर घंटी वाजवायची. घंट्या वाजतच राहिल्या. मग त्यांना म्हटलं, आता खुशाल विचार करा. तर आधी ज्यांनी तो दाबून धरला होता, त्यांच्या डोक्यात अस्वल इतरांपेक्षा जास्त वेळा आलं. वेग्नरचं म्हणणं असं की विचार आला नाही ना, हे तपासायला मनाचा एक कोपरा सतत त्याच विचारावर पहारा देत बसतो. रात्री आईचं हेच होतं.

तेव्हा तिला बोलू द्या. आणि आई, "काही नाही, असंच" हे बोलणं नव्हे. "झोपेत तुम्हाला काही झालं तर, याची मला भीती वाटते" एवढं स्पष्ट. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात मॅथ्यू लीबरमन यांनी लोकांना घाबरलेल्या, रागावलेल्या चेहऱ्यांचे फोटो दाखवून मेंदूचे स्कॅन काढले. चेहऱ्यावरची भावना शब्दांत ओळखायला सांगितली की अमिग्डाला, म्हणजे धोक्याची वर्दी देणारा मेंदूतला बदामाएवढा भाग, थोडा निवळायचा. नुसतं बघताना तसं होत नव्हतं. हा अभ्यास २००७ चा.

भांड्याचं कारणही त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अभ्यासात आहे. साधारण ३५ तास जागं ठेवलेल्या तरुणांना वाईट चित्रं दाखवली, तर झोप झालेल्यांपेक्षा त्यांचा अमिग्डाला ६० टक्के जास्त पेटला. आईचं जागरण एवढं मोठं नाही, मान्य. पण रोज थोडंथोडं होतंय, आणि त्यात चहाचा काय दोष?

आता बाबांना अवघड वाटेल असं काम. रात्री ती उठली की काही बोलू नका, फक्त हात धरा. हसू नका! जेम्स कोन यांच्या २००६ च्या अभ्यासात १६ विवाहित बायकांना स्कॅनरमध्ये झोपवून विजेचा झटका बसेल अशी धास्ती दिली होती. नवऱ्याचा हात हातात असताना मेंदूतली धास्ती सगळ्यात कमी दिसली, परक्याचा हात धरल्यावर थोडीशीच कमी झाली. ज्यांचं आपसात बरं जमत होतं, त्यांना फायदा जास्त. सोळा जणींवरून जगाचा नियम निघत नाही, हे मलाही कळतं. पण औषधासारखे याचे साइड इफेक्ट नाहीत आणि बिलही येत नाही.

आणखी एक. थॉमस बोर्कोवेक यांनी चिंतेलाच रोजची ठरावीक वेळ नेमून द्यायची पद्धत काढली होती, अर्धा तास. डॉक्टरांनी चालायला सांगितलंच आहे, तर संध्याकाळी जॉगिंग ट्रॅकवर आईने काय ते सगळं काढावं. बाबांनी मध्ये तोडायचं नाही, प्रेसमधल्या गोष्टी सुरू करायच्या नाहीत. रात्री काही सुचलं तर "उद्या ट्रॅकवर" म्हणायचं.

एवढं करूनही आईची झोप लागली नाही तर १४४१६ ला फोन करा. सरकारची टेली-मानस सेवा आहे, फुकट, मराठीतही बोलतात. "मला काय वेड लागलंय का" हे आईचं वाक्य मी आधीच ऐकलं असं समज. गुडघ्यासाठी डॉक्टरकडे जातेसच ना?

बाबांच्या इकोची तारीख कळवा, मी त्या दिवशी रजा टाकते. आणि मेथीचे लाडू सध्या नकोत, मागचेच डब्यात आहेत.

तुमची,
सोनू