तापकीर गल्लीतल्या काकांना

काका, सादर नमस्कार.

पोळीच्या डब्यात हिरवं सर्किट घेऊन भर पावसात तुमच्या दुकानात आलेला माणूस आठवतो का? त्या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरला रास्पबेरी पाय म्हणतात असं सांगितल्यावर तुम्ही विचारलंत, "खायचं की लावायचं?" तो मी.

त्याआधीचे पंधरा दिवस मी वेड्यासारखे घालवले होते. लहानपणी फुंकर मारून कॅसेट घालायचो, ते खेळ लेकीला टीव्हीवर दाखवायचे होते. त्या कॅसेटच्या जुन्या यंत्रात, फॅमिकॉममध्ये, २ केबी रॅम. माझ्या पाय ४ मध्ये दीड गिगाहर्ट्‌झचे चार कोअर. तरी आवाज फाटायचा, खेळ रंगात आला की सगळं बंद पडून पुन्हा सुरू व्हायचं. जुने खेळ चालवणारं सॉफ्टवेअर, रेट्रोपाय, मी चार वेळा नव्याने कार्डावर चढवलं. पडद्याच्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकायची, ती मला सजावट वाटायची!

तुम्ही मात्र आधी चार्जर मागितलात. "६५ वॅटचा आहे," मी ऐटीत म्हणालो. तुम्ही भिंग लावून त्यावरची बारीक अक्षरं वाचलीत: ५ व्होल्टला फक्त २ अँपिअर. बाकीचे वॅट वरच्या व्होल्टेजचे, ते हा बोर्ड मागतच नाही. मग मीटर लावलात. नुसता चालू असताना ५ च्या आसपास, खेळ सुरू केला की ४.५. "वायर बारीक आहे हो, वाटेतच खाते." ४.६३ व्होल्टच्या खाली गेलं की तो बोर्ड ती पिवळी वीज दाखवतो आणि स्वतःचा वेग उतरवतो, हे मी घरी येऊन वाचलं. तुम्हाला ते वाचावं लागलं नव्हतं.

५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा, वायर जोडलेला चार्जर तुमच्याकडे नव्हता. दोन दुकानं सोडून मिळेल म्हणालात आणि तासाभराचे पैसे घेतले नाहीत. मी पाकीट काढलं तर रागावलात.

निघताना मी सहज म्हणालो, बटण दाबल्यावर उडी उशिरा पडते. तुम्ही हसलात. पिक्चर ट्यूब आलेला सिग्नल तसाच रंगवायची, नवे टीव्ही तो धरून ठेवून सजवत बसतात. मेनूत गेम मोड शोधा. सापडला. उडी आता वेळेवर पडते.

खेळांच्या फुकट उतरवलेल्या फायली नकोत म्हणून मी मायक्रो मेजेस हा खेळ विकत घेतला. २०१९ साली जुन्याच मशीनसाठी नव्याने लिहिलेला, अख्खा खेळ ४० केबीत. ३२ जीबीच्या कार्डात तो एकटाच लोळतोय. लेक मला रोज हरवते.

डबा तुमच्याकडेच राहिलाय. शनिवारी न्यायला येतो. लेकही येणार आहे, तिला मीटर बघायचाय.

तुमचा,
पोळीच्या डब्यावाला