ट्रॅक डेला निघण्यापूर्वी टायरकडे पाहावे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या वाहनविषयक पुरवणीत हौशी चालकांच्या ‘ट्रॅक डे’विषयी नुकताच प्रसिद्ध झालेला लेख वाचला. रोजच्या वापरातली गाडी बंदिस्त सर्किटवर, जाणत्यांच्या देखरेखीखाली, तिच्या क्षमतेच्या टोकापर्यंत चालवून पाहण्याची ही हौस आपल्याकडच्या तरुणांत वाढते आहे. रात्री द्रुतगती मार्गावर वेग आजमावणाऱ्यांनी तिकडे वळावे, हे लेखकाचे म्हणणे मला पूर्णपणे मान्य आहे. मात्र टायरांच्या वाट्याला त्या लेखात जेमतेम एक वाक्य आले असून त्यात नवख्यांनी परवडतील तितके चिकट, शर्यतीच्या धाटणीचे ‘सेमी-स्लिक’ टायर आधी बसवून घ्यावेत, असे सुचवले आहे. हा सल्ला खर्चिक आहेच, पण महाराष्ट्रातून जाणाऱ्या चालकासाठी तो धोक्याचाही आहे, म्हणून हा पत्रप्रपंच.

पहिली अडचण भूगोलाची आहे. सिएटचे टायर नाशिक आणि बुटीबोरीला बनतात, ब्रिजस्टोनचे चाकणला, गुडइयरचे छत्रपती संभाजीनगरला. पण त्यांची खरी कसोटी लागेल असे मोठे सर्किट या राज्यात नाही. हौशी चालकाला चेन्नईजवळचे इरुंगट्टुकोट्टई, कोइम्बतूर किंवा ग्रेटर नोएडाचे बुद्ध सर्किट गाठावे लागते. पुण्याहून इरुंगट्टुकोट्टई अकराशे किलोमीटरहून दूर आहे आणि गाडी ट्रकवर चढवून नेणे बहुतेकांच्या खिशाला झेपत नाही. त्यामुळे ज्या टायरांवर दिवसभर फेऱ्या मारायच्या, त्याच टायरांवर राष्ट्रीय महामार्ग ४८ने कोल्हापूर, हुबळी, बंगळूरु करत जायचे आणि त्याच टायरांवर परत यायचे, हे ठरलेले असते. चेन्नईकडे ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस असतो, हेही विसरून चालत नाही. सेमी-स्लिक टायरला पाणी बाहेर फेकणाऱ्या खाचा मोजक्याच असतात. त्याचे रबर बऱ्यापैकी तापल्याखेरीज नीट पकड देत नाही. महामार्गावरच्या साचलेल्या पाण्यात ऐंशी-नव्वदच्या वेगातही तो तरंगू लागतो. परदेशात अशा टायरांचा दुसरा संच गाडीत टाकून नेतात आणि पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या थांब्यावर, चाके बदलतात. हॅचबॅकच्या डिकीत चार चाके, जॅक आणि दोन माणसांचे सामान कसे बसवायचे, हे लेखकाने सांगितले असते तर उपकार झाले असते.

दुसरी अडचण शिकण्याशी निगडित आहे आणि मला ती अधिक महत्त्वाची वाटते. रस्त्यासाठी बनवलेला चांगला टायर पकड सोडण्याआधी बोलतो. आधी तो कुरकुरतो, मग किंचाळतो, मग गाडीचे नाक हळूहळू वळणाबाहेर सरकू लागते, आणि एवढ्या अवधीत ॲक्सिलरेटर हलका करून स्टिअरिंग थोडे सैल सोडायला नवख्यालाही वेळ मिळतो. चिकट टायर बराच वेळ गप्प राहतो आणि सोडतो तेव्हा एकदम सोडतो. पन्नास मीटर त्रिज्येचे सपाट वळण घेऊन हिशेब मांडून पाहावा. टायरची पकड ०.९ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ०.९ पट, असेल तर गाडी त्या वळणातून ताशी सुमारे ७५ किलोमीटरने निघेल, पकड १.०५ जी झाली तर सुमारे ८१ने. कमावले ते सहा किलोमीटर, पण चूक झाल्यावर गाडीत शिल्लक असलेली ऊर्जा मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे साधारण सतरा टक्क्यांनी वाढलेली असते. शिवाय ब्रेक पॅड, ब्रेक ऑइल आणि व्हील बेअरिंग कंपनीचेच असतात, आणि जास्त पकड असलेला टायर त्या सगळ्यांकडून जास्त काम करून घेतो. घड्याळातली वेळ सुधारते, ब्रेक कुठे लावायचा याची समज तिथल्या तिथेच राहते.

मग कोणते टायर घ्यावेत? माझे उत्तर कदाचित निराश करील: गाडीला सध्या असलेले टायर सुस्थितीत, योग्य वेगश्रेणीचे आणि फार जुने नसतील, तर पहिल्या ट्रॅक डेसाठी बहुतेकांना नवे टायर घेण्याची गरजच नसते. नव्या टायरची नक्षी सुमारे आठ मिलिमीटर खोल असते. उंच आणि लवचीक असलेले तिचे ठोकळे जोरदार वळणात वाकतात, घासतात, तापतात, आणि फार झाले तर त्यांच्या कडांचे तुकडे उडतात. तोच टायर चार-पाच मिलिमीटरपर्यंत एकसारखा झिजला की कोरड्या ट्रॅकवर अधिक स्थिर वागतो, आणि परतीच्या पावसापुरत्या खाचाही त्यात शिल्लक असतात. नक्षीच्या किमान खोलीच्या, म्हणजे १.६ मिलिमीटरच्या, खुणेशी येऊन ठेपलेला टायर मात्र घेऊन जाऊच नये. दिवसभराच्या फेऱ्यांत तो ती खूण ओलांडेल आणि परतीचा प्रवास गुळगुळीत टायरांवर करावा लागेल.

सुस्थिती म्हणजे काय, ते साइडवॉलवरच, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवरच, लिहिलेले असते. वाचण्याची सवय आपल्याला नसते इतकेच. समजा तिथे १९५/५५ आर १६ ८७ व्ही असे छापले आहे. यातले पहिले तीन आकडे मापाचे, ८७ हा आकडा दर टायरला ५४५ किलो भार पेलण्याची क्षमता सांगतो आणि ‘व्ही’ हे अक्षर ताशी २४० किलोमीटरची मर्यादा. ‘एच’ची मर्यादा २१०, ‘टी’ची १९०, ‘एस’ची १८०. छोट्या हॅचबॅकला इरुंगट्टुकोट्टईत ‘एच’ पुरेसा होतो. बुद्ध सर्किटच्या एक किलोमीटरहून लांब सरळ भागावर मात्र दोन लिटरची टर्बो सेडान २००च्या पुढे जाते, तिथे ‘टी’ श्रेणीचा टायर घेऊन उतरणे हा निव्वळ अविचार आहे. ही मर्यादाही योग्य हवा असलेल्या, न दुखावलेल्या टायरची असते. साइडवॉलला फुगा आलेला किंवा खड्ड्यात आपटून आतले धागे तुटलेला टायर कोणत्याही श्रेणीचा असला तरी बाद समजावा.

त्याच बाजूला चार आकडी तारीख असते. २५२३ म्हणजे २०२३ सालचा पंचविसावा आठवडा. आपल्याकडे या तारखेला विशेष महत्त्व आहे, कारण जून २०२०मध्ये केंद्र सरकारने टायरांची आयात ‘मुक्त’ यादीतून काढून ‘प्रतिबंधित’ यादीत टाकली आणि तेव्हापासून आयातीला परवाना लागतो. निर्णयाचा हेतू देशी उद्योगाला बळ देण्याचा असेल, पण हौशी चालकांना लागणारे, मुळातच कमी खपाचे परदेशी टायर त्यामुळे दुर्मीळ झाले. असा एखादा संच दुकानात दिसलाच, तर तो गोदामात किती वर्षे पडून होता हे त्या चार आकड्यांतूनच कळते. न वापरलेल्या टायरचेही रबर काळानुसार कडक होते, आणि सहा-सात वर्षांपूर्वीच्या सेमी-स्लिकसाठी नव्याची किंमत मोजणाऱ्याला चकचकीत काळ्या रंगापलीकडे फारसे काही मिळत नाही.

टायर बदलण्याची वेळ खरोखरच आली असेल, म्हणजे गाडीला कंपनीने मायलेज वाढवणारे, कडक रबराचे टायर दिले असतील, तर रस्त्यासाठीचे पण पकडीकडे झुकलेले टायर घ्यावेत. एकाच कंपनीतला फरक पाहायचा तर मिशलिनचा पायलट स्पोर्ट ४ हा असा रस्त्याचा टायर आहे आणि पायलट स्पोर्ट कप २ हा ट्रॅककडे तोंड केलेला. नवख्याने पहिल्याच्या जातकुळीतला घ्यावा. साइडवॉलवरचा ‘ट्रेडवेअर’ आकडा निवडीला थोडी मदत करतो. तो चारशेच्या पुढे असेल तर टायर टिकण्यासाठी बनवलेला, तीनशेच्या आसपास असेल तर मधला, दोनशे किंवा खाली असेल तर लवकर झिजणारा आणि बहुधा चिकट. बहुधा अशासाठी, की ही अमेरिकी सरकारची पद्धत असली तरी आकडा कंपनी स्वतःच ठरवते, त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून केलेली तुलना फारशी खरी ठरत नाही. त्याशेजारचे पकडीचे अक्षर ओल्या रस्त्यावर सरळ ब्रेक लावून ठरवलेले असते, वळणातल्या पकडीविषयी ते काहीच सांगत नाही. तापमानाचे, म्हणजे उष्णता सोसण्याचे, अक्षर मात्र ‘ए’च असावे. माप बदलताना चाकाचा एकूण व्यास राखला गेला पाहिजे: १८५/६५ आर १५चा व्यास सुमारे ६२१ मिलिमीटर येतो आणि १९५/५५ आर १६चाही तेवढाच, म्हणून स्पीडोमीटर फसत नाही.

पैसे वाचवण्यासाठी पुढचे दोनच टायर चिकट बसवण्याची एक प्रथा मी पाहिली आहे. इंजिन पुढच्या चाकांना ओढते म्हणून पकड तिथेच हवी, असा तिच्यामागचा तर्क. पण वळणात ब्रेक लागला किंवा ॲक्सिलरेटरवरचा पाय अचानक उचलला गेला की मागचा भाग हलका होतो; पुढे भरपूर पकड आणि मागे कडक जुने टायर असले, तर गाडी स्वतःभोवती फिरते. टायर घ्यायचे तर चारही सारखे घ्यावेत, नाहीतर आहेत तेच राहू द्यावेत.

हवेविषयी मात्र जरा विस्ताराने लिहायला हवे, कारण फुकटात मिळणारी सर्वांत मोठी सुधारणा इथे आहे आणि सर्वाधिक गैरसमजही इथेच आहेत. ‘हवा कमी केली की पकड वाढते’ हा वाळूत गाडी घालणाऱ्यांचा नियम. तो सर्किटवर लावला तर टायर वळणात कडेवर लोळतो, नक्षी सोडून खांदा घासतो आणि साइडवॉल तापत जाते. त्यामुळे सकाळी, टायर थंड असताना, दाराच्या चौकटीवरील स्टिकरवर दिलेल्या दाबानेच सुरुवात करावी. थंड टायरमध्ये ३० अंशांना ३२ पीएसआय हवा असेल आणि काही फेऱ्यांनंतर आतली हवा ८० अंशांपर्यंत तापली, तर दाब ३९ ते ४०पर्यंत चढतो. हे साधे वायूचे गणित आहे, नायट्रोजन भरल्याने ते फारसे बदलत नाही, कारण आपण एरवी भरतो त्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. फरक पडतो तो बाष्पाने. साइडवॉलच्या वरच्या कडेपासून नक्षीपर्यंत खडूची आडवी रेघ ओढावी आणि पाच-सहा फेऱ्यांनंतर पिटमध्ये येताच ती कुठवर पुसली गेली ते पाहावे. रेघ साइडवॉलवरही पुसली असेल तर हवा कमी आहे. नक्षीच्या कडेपर्यंतही पुसली नसेल तर जास्त आहे. मग गरम असतानाच एक-दोन पीएसआयने बदल करून आकडा वहीत लिहून ठेवावा. बुद्ध सर्किटवर गाड्या घड्याळाच्या दिशेने फिरतात, त्यामुळे डावीकडचे टायर, त्यातही पुढचा डावा, जास्त तापतो. चारही चाकांत एकच आकडा ठेवण्याचा आग्रह तिथे चालत नाही.

संध्याकाळची चूक मात्र मी दरवेळी कोणाला तरी करताना पाहतो. दुपारी गरम टायरमधली हवा सोडून ३४ वर आणलेली असते, गाडी थंड होते आणि मालक तशीच ती महामार्गावर काढतो. तोच टायर ३० अंशांना आला की दाब २७ भरतो, आणि पहाटे वाटेतल्या होसूरच्या गारव्यात २६च्याही खाली जातो. त्या हवेवर, चार माणसे आणि सामान घेऊन, शंभरच्या वेगाने तासन्‌तास चालवणे हे ट्रॅकवरच्या कोणत्याही वळणापेक्षा अधिक घातक आहे. आयोजक सकाळी हेल्मेट, सीटबेल्ट आणि ऑइलची गळती तपासतात. त्याच वेळी प्रत्येक टायरची नक्षी, तारीख व वेगश्रेणी नोंदवून घ्यावी, आणि संध्याकाळी शेवटची गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत कॉम्प्रेसर व विश्वासाचा गेज चालू ठेवावा, एवढी मागणी सहभागी चालकांनी प्रवेशशुल्क भरतानाच करायला हवी. आपल्या पुरवणीने पुढच्या लेखात आयोजकांना हे विचारावे, अशी विनंती आहे.

आपला नम्र,
एक नियमित वाचक
चिंचवड, पुणे