सूचना : रविवारी येताना जुनी फील्डवर्क डायरी आणा

सर्व सभासदांना नमस्कार,

येत्या रविवारी सायंकाळी ५ वाजता, नेहमीच्या जागी बैठक आहे. विषय : ‘टिस’च्या (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस, मुंबई) समाजकार्य शिक्षणाची सुरुवात आणि त्यामागचं ध्येय.

नव्या सभासदांपैकी काहींना वाटतं, सगळं देवनारलाच सुरू झालं. तसं नाही. देवनारला संस्था आली १९५४ मध्ये. सुरुवात १९३६ ची, नागपाड्यातली, ‘सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क’ या नावानं. पहिले संचालक क्लिफर्ड मॅनशार्ट अमेरिकन मराठी मिशनचे. त्याआधी ते नागपाड्याच्या कष्टकरी वस्तीत नेबरहूड हाऊस, म्हणजे वस्तीतल्या लोकांसाठीचं सेवाकेंद्र, चालवत होते. म्हणजे आधी वस्ती, मग वर्ग. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. आजचं नाव १९४४ मध्ये मिळालं, अभिमत विद्यापीठाचा दर्जा १९६४ मध्ये.

तोच धागा पुढेही दिसतो. १९८४ मध्ये मुंबई पोलिसांसोबत महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू झाला, १९९६ मध्ये चाइल्डलाइन १०९८ ही मुलांसाठीची फोन मदतसेवा. दोन्ही उपक्रम संस्थेच्या क्षेत्रकार्यातून उभे राहिले. रस्त्यावरच्या मुलाला रात्री-अपरात्री फोन करता यावा, ही कल्पना नुसत्या पुस्तकातून सुचली नसती.

म्हणून विनंती : आपापली डायरी आणा, त्यातलं एक पान वाचा. वाचताना वस्तीतल्या माणसांची नावं, पत्ते मात्र बदला. तो विश्वास आपण आजही पाळायचा आहे. ज्यांना येणं जमणार नाही, त्यांनी शुक्रवार रात्रीपर्यंत आवाजी संदेश पाठवावा.