बल्लारशा लांब आहे, बाळ्या

प्रिय बाळ्या,

दिवाळीनंतर मी तुला एक अक्षर लिहिलं नाही आणि तू पण नाहीस, तेव्हा फिटंफाट. तब्येत बरी, शुगर गोळीत आहे, गुडघा आपला आहे तसाच. थेट मुद्द्यावर येतो. फोनवर हे बोलता येत नाही, दुकानात ओंकार शेजारीच बसलेला असतो आणि घरी सुलीचे कान किती लांब आहेत ते तुला माहितीय.

ओंकारला जोंधळी बल्लारशाच्या रेसला पाठवायची आहे.

बास, एवढंच. इथं मद्रासच्या सौकारपेठेत कुणाला सांगितलं तर म्हणतील मग पाठवा की, कशाला अडवताय. गावाकडं सांगितलं तर म्हणतील कबुतरापायी झोप घालवतोय, ह्याचं वय काय. म्हणून तुझ्या डोक्याला ताप.

जोंधळी म्हणजे तुला फोटो पाठवलेला ती मादी, चेकर म्हणजे पंखावर चौकडीची नक्षी, मानेवर हिरवी झाक. तू त्या फोटोवर 'पारवा आहे का' असं लिहिलंवतंस आणि ओंकार दोन दिवस तुझ्यावर फुगला होता. ती गेल्या आखितीच्या आसपास अंड्यातून निघाली, म्हणजे आज धड वर्षाची पण नाही. मागच्या महिन्यात विजयवाड्याहून सोडली तर बाराच्या ठोक्याला ट्रॅपमध्ये, ढाबळीच्या दारात हजर. मिनिटाला अकराशे मीटरच्या वर स्पीड पडला, आमच्या गटात पहिली. झालं, तेव्हापासून पोरगं जमिनीवर नाही. त्यात पेरांबूरचे एक अण्णा येऊन सांगून गेले की तंबी, ही बल्लारशाहून आली तर तुझ्या ढाबळीचं नाव होईल. अण्णांचं काय जातंय, पाखरू आमचं.

तुला आमची लाईन परत सांगतो, गेल्या वेळी तू नागपूर आणि नेल्लोर एकच करून टाकलेलंस. आमची पाखरं उत्तरेला जातात, दिल्लीच्या रेल्वेलाईनला धरून. सरळ आभाळातून मोजलं तर नेल्लोर साधारण १५०, ओंगोल २७०, विजयवाडा ३८५, खम्मम ४६०, वरंगळ ५५०, आणि मग एकदम बल्लारशा ७६०, नागपूर ९००. इटारसी, भोपाळ हजाराच्या वर. आता ह्यातली मेख बघ. विजयवाडा काय किंवा वरंगळ काय, चांगलं पाखरू सकाळी सुटलं की दिवस मावळायच्या आत घरात येतं. बल्लारशा तसं नाही. मार्चमध्ये तिकडं साडेसहाला उजाडतं, इथं सव्वासहाला सूर्य बुडतो, म्हणजे हातात पावणेबारा तास. ७६० भागिले पावणेबारा कर, तू गणितात माझ्यापेक्षा बरा होतास (कॉपी करून का होईना). ताशी जवळजवळ पासष्टनं जावं लागतं, ते पण कुठं न बसता, पाण्याचा थेंब न पिता, चंद्रपूर-तेलंगणाच्या उन्हात. आणि शेवटच्या दीडशे-दोनशे किलोमीटरला दुपारनंतर समुद्राचा वारा थेट तोंडावर येतो. वारा मागून मिळाला तर एखादं पोचतं त्याच दिवशी. नाहीतर रात्र बाहेर.

आणि बाळ्या, माझं सगळं म्हणणं त्या रात्रीपाशी आहे. वय म्हणजे किती महिने झाले ते नाही. दहा महिन्यांच्या पाखराच्या अंगात ताकद असते, ओंकार म्हणतो ते खरंच आहे, हाडं भरलेली असतात, छाती भरलेली असते. पण उजेड कमी व्हायला लागला की उडत राहायचं की बसायचं, बसायचं तर झाडावर की घराच्या वळचणीला, पाणी कुठं प्यायचं, पहाटे उठल्यावर आधी दाणा शोधायचा की सरळ घरचा रस्ता धरायचा, हे कोण शिकवणार? ते एकदा अंगावर पडल्याशिवाय कळत नाही. दोन वर्षांचा नर संध्याकाळी कुठल्या तरी मंदिराच्या कळसाखाली गप बसतो आणि सकाळी नऊला घरी येतो. कोवळं पाखरू अंधार पडेपर्यंत ओढत राहतं, मग तारेत अडकतं, नाहीतर दुसऱ्याच्या ढाबळीत शिरतं, नाहीतर घुबड. जी येतात ती पण चार दिवसांनी, छातीचं हाड हाताला लागेल अशी. आणि पुढच्या वर्षी तेच पाखरू ओंगोलहून पण रमतगमत येतं. मेलेलं परवडलं पण असं फुकट गेलेलं बघवत नाही.

माझा हिशोब साधा आहे. महिन्याचं पिल्लू आईबापापासून काढलं की पुढचा महिनाभर नुसतं छतावर बसू द्यायचं. पाण्याची टाकी, मारवाड्याचा डिश अँटेना, देवळाचं गोपुर सगळं डोळ्यात भरू दे. तीन-चार महिन्यांत थव्याबरोबर तासभर फिरायला लागलं की टोपलीतून पाच किलोमीटर, दहा, वीस, रेडहिल्स, गुम्मिडीपूंडी, सुळ्ळूरपेटा. वर्षाच्या आतलं विजयवाड्यापर्यंत, फार तर खम्मम. वर्ष उलटलं की वरंगळ. दोन वर्षांचं झालं आणि एखादी रात्र बाहेर काढून आलेलं असलं तरच बल्लारशा. नागपूर तीन वर्षांच्या आत नावच काढायचं नाही. पाच-सहाच्या पुढं जोडीला ठेवायचं आणि खायला घालायचं, त्यांनी केलं तेवढं खूप झालं. हे कुठल्या पुस्तकात नाही, आणि इथले चांगले चांगले लोक ह्यापेक्षा घाई करतात आणि जिंकतात पण. किती गमावतात ते कुणी सांगत नाही.

ओंकारचं उत्तर तयार असतं. मोबाईल काढतो. म्हणे दक्षिण आफ्रिकेतली ती मिलियन डॉलर रेस, १९९६ ला सुरू झालेली, सगळ्या देशांतून पिल्लंच मागवायचे, एकाच ढाबळीत वाढवायचे आणि पाच-सहाशे किलोमीटरवरून सोडायचे. मी म्हटलं बरोबर, पाच-सहाशे. एका दिवसाचं. मी कुठं वरंगळला नाही म्हणतोय? जोंधळीला वरंगळ जरा लवकर होतंय, पण एवढ्यापुरतं मी डोळे झाकीन. मग म्हणे बेल्जियमची ती न्यू किम नावाची मादी, २०२० मध्ये १६ लाख युरोला गेली, दोन वर्षांची होती फक्त. अरे पण ती मधल्या अंतराची राणी होती, आणि नाव कमावल्यावर मालकानं तिला परत टोपलीत घातली नाही, जोडीला ठेवली. हे बघ, हे त्याला दिसत नाही, त्याला १६ लाख तेवढे दिसतात. तेच बेल्जियमवाले फ्रान्सातल्या बूर्जच्या रेसला पिल्लं पाठवतात, चार-पाचशे किलोमीटर. बार्सिलोनाच्या हजार किलोमीटरला मात्र जास्त करून तीन वर्षांपुढची काढतात. शंभर-दीडशे वर्षं हाच धंदा करणारी माणसं उगाच थांबत असतील का?

सुली मध्येच म्हणाली, तुम्हाला तुमच्या आप्पांनी चौदाव्या वर्षी विट्यातून एवढ्या लांब पाठवलंच की. मी म्हटलं, पाठवलं, पण संध्याकाळच्या आत परत यायला सांगितलं नव्हतं. ओंकार पण हसला. मग पुन्हा तोंड फिरवून बसला.

आता खरी गोष्ट, जी मी अजून त्याला नीट सांगितलेली नाही. परवा रात्री सगळे झोपल्यावर वर गेलो, जोंधळीला हातात घेतली आणि बल्बखाली उजवा पंख उघडला. मोठी दहा पिसं असतात बघ, आतून एकेक गळत बाहेर येतात. पहिली सात नंबरी, रुंद, मऊ, कडेला एक खाच नाही. आठव्या-नवव्याला मधोमध आडवी रेघ. बारीक, ब्लेडनं ओरखडा काढावा तशी, आणि तिथं पीस उजेडात जरा पातळ दिसतं. डाव्या पंखाला पण त्याच जागी. तुला कळलंच असेल. नोव्हेंबरच्या पावसात तिच्या घशात पिवळं धरलं होतं, दोन-चार दिवस दाणा गिळेना, औषध घातलं आणि बरी झाली, आम्ही विसरलो. पण ती पिसं नेमकी तेव्हा वाढत होती, त्यांनी लिहून ठेवलंय. विजयवाड्यापर्यंत ती रेघ काही करत नाही. बारा तास सलग पंख मारल्यावर, त्यात वाऱ्याशी भांडून, तिथंच पीस मोडतं. मी नाही म्हणत मोडेलच. पण पुढच्या पिसगळीत नवी पिसं येणारच आहेत, एका वर्षाचा तर प्रश्न आहे. तोवर तिला कशाला पणाला लावायचं?

तर हे त्याला दाखवलं की तो म्हणणार बाबा तुम्ही निमित्त शोधताय. आणि थोडं आहेच ते. पिल्लू असताना तिला मीच हातानं हरभऱ्याची डाळ भरवली होती. पण तिच्या पायातली रिंग ओंकारच्या नावावर आहे, ढाबळीचा सगळा घाण-कचरा तोच काढतो, पहाटे पाचला उठून. मी तर सोन्याच्या भट्टीवरून वर गेलो की दहा मिनिटं मोजतो. मग हक्कानं नाही कसं म्हणू?

आपल्या वेळी बरं होतं, गिरेबाज सोडला आणि मान वर करून तास मोजले. लांब जायची भानगडच नाही, डोक्यावरच. आणि तू काय सांगायचास, सहा तास! बाळ्या, आज तिशी-पस्तीशी उलटली त्या गोष्टीला, तरी सांगतो, तुझ्या त्या काळ्या नराला सहा तास कधीच झालेले नाहीत. तो मधला दीड तास पाण्याच्या टाकीमागं बसलेला मी आणि दिल्यानं बघितला होता. आणि ती लाल मादी माझ्या छतरीवर आपल्या पायांनी उतरली होती, नियमानं ती माझी. तुझ्या आईनं येऊन मागितली म्हणून दिली. तुला नाही दिली.

दिल्यावरून आठवलं, त्यानं ते पाच महिन्यांचं पिल्लू पिशवीत घालून यष्टीच्या कंडक्टरकडं दिलं होतं बघ, कराडच्या स्टँडवर सोड म्हणून. हा सरळ सरळ प्रयोग! कंडक्टरनं इमानदारीत सोडलं पण. तू आठवडाभर येरळेच्या बाजूला तोंड करून बसायचास आणि दिल्या म्हणायचा चालत येत असेल. हे मी ओंकारला सांगितलं तर म्हणाला ते होमर, लांबून घरी परतणाऱ्या जातीचं, नव्हतं. ते कळतंय रे मला, पण तुझं तोंड मी बघितलंय ना तेव्हाचं. ओंकारचं तसं तोंड मला संध्याकाळी गच्चीवर बघायचं नाही. गंमत म्हणजे बल्लारशाहून येताना पाखरं गोदावरी ओलांडतात आणि मग आपलीच कृष्णा. आपल्या येरळेचं पाणी त्यात असतं म्हणून माया करेल, असं काही नाही.

मी मधला मार्ग काढलाय. बल्लारशाला राखी नर जाऊ दे. तीन वर्षांचा आहे, मागं एकदा वादळात सापडून दुसऱ्या दिवशी आला होता, पंख स्वच्छ आहेत, त्याला आठवडाभर मका-करडई वाढवून घालतोय, लांबच्याला तेलाचा दाणा लागतोच. जोंधळी त्याच्या पुढच्या आठवड्यात वरंगळला, मग बास. पुढच्या हंगामात नवी पिसं घेऊन बल्लारशा, तेव्हा मी स्वतः गाडीबरोबर जाईन म्हटलं तर चालेल. पण माझ्या तोंडून हे आलं की ते 'बाबांचं' होतं. तुझं तो ऐकतो, का ऐकतो देव जाणे, बाळूकाका म्हणाले की ब्रह्मवाक्य.

तुझं काय चाललंय, टेंभू योजनेचं पाणी वेळेवर सुटलं का, द्राक्षाला दर काय पडला? काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असं भाऊकडून कळलं, त्यांना सांग डोळ्यात औषध घालताना बडबड करू नका. श्वेताच्या स्थळाचं काय झालं ते लिही सविस्तर, मी घाईत आहे पण वाचीन. सोन्याचा भाव विचारू नको, भट्टीला काम नाही, लोक नुसते मोड घेऊन येतात आणि भाव ऐकून परत नेतात.

तर गुरुवारी रात्री टोपल्या भरायच्या आहेत. त्याच्या आत ओंकारला फोन कर. माझं नाव घ्यायचं नाही. आधी विजयवाड्याचं कौतुक कर, पारवा म्हटल्याबद्दल जमलं तर माफी माग, मग सहज विचार की पंख बघितलेस का रे, आठवं-नववं पीस कसं आहे. एवढंच विचार. तो पंख उघडेल आणि त्याला दिसेल, डोळा चांगला आहे त्याचा. दुपारी लावू नको, मी शेजारी असतो. रात्री नऊनंतर तो वर गच्चीवर एकटाच असतो, तेव्हा लाव.

तुझा,
सुभ्या