सोपं लिही म्हटलं की छोटं होतं

प्रिय समीर,
सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेला मजकूर वाचला. ॲप औषधांची आठवण करून देणारं आहे म्हटल्यावर जरा सावकाशच वाचला. ऑटिझम, एडीएचडी (लक्ष टिकवणं अवघड जाणं), डिस्लेक्सिया (वाचणं-लिहिणं अवघड जाणं) असलेली माणसं ते वापरणार आहेत, तर एआयला ‘सोप्या भाषेत लिही’ सांगून भागेल का, असं तू विचारलंस. थोडंफार भागेल. पण जिथे भागणार नाही तिथेच खरी गोम आहे, म्हणून पत्र लांबणार.

सोपं कर म्हटलं की एआय छोटं करतं. तुझ्याच मजकुरात बघ. आधी लिहिलं होतं, ‘आठवण बंद केली तरी औषधाची नोंद राहते. आठवण पुन्हा कधीही सुरू करता येते.’ एआयने त्याचं केलं, ‘आठवण बंद करायची?’ आणि खाली दोन बटणं: ‘हो’ आणि ‘रद्द करा’. आता ‘रद्द करा’ दाबलं तर काय रद्द होणार? आठवण, की ती बंद करण्याचा बेत? तू-मी अंदाजाने दाबून मोकळे होऊ. पण शब्द जसाच्या तसा घेणारा माणूस, किंवा पुढे काय होणार हे कळल्याशिवाय पाऊल न टाकणारा माणूस, तिथेच अडकून बसेल. बटणांवर ‘आठवण बंद करा’ आणि ‘आठवण चालू ठेवा’ असं लिही. शब्द वाढतील, वाढू देत. आणि नोंद राहते हे वाक्य परत आण. त्याला सगळ्यात जास्त तेच हवं होतं.

मी एआयकडून उलट्या बाजूने काम करून घेतो. लिहायला सांगतच नाही. सांगतो, ‘हा मजकूर बदलू नकोस. हे वाचून माणसाला कोणते प्रश्न पडतील, ज्यांची उत्तरं इथे नाहीत? कुठल्या वाक्याचे दोन अर्थ निघतात? बटण दाबल्यावर काय होईल, ते उलटवता येईल का, किती वेळ लागेल, यातलं काय सांगायचं राहिलंय?’ या कामात ते खरंच तरबेज आहे. दुसरं म्हणजे ॲपमधला सगळा मजकूर एकदम देऊन एकाच कृतीला दोन नावं कुठे पडलीत ते शोधायला लाव. तुझ्याकडे एका स्क्रीनवर ‘जतन करा’ आहे, दुसरीवर ‘साठवा’ आणि तिसरीवर ‘सेव्ह’. शाळेच्या निबंधात याला मार्क मिळाले असते.

एआयने नवं काही लिहून दिलंच, तर जुन्या मजकुरातले ‘तर’, ‘फक्त’, ‘पर्यंत’ आणि ‘नका’ नव्यात शाबूत आहेत का, ते स्वतः ताडून बघ. छाटणी करताना पहिली कुऱ्हाड अटींवर पडते. चुकलेल्या गोळीच्या सूचनेत तुझं ‘डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर’ गळालंय, पाहिलंस का?

आणि तो उत्साह आवर बाबा. ‘अरेरे, आज विसरलात!’ हे कुणाला सुचलं? एडीएचडीत विसरणं हा आळस नसतो, आणि त्यावरून आयुष्यभर ऐकून घेतलेल्या माणसाला फोननेही टोमणा मारला तर तो ॲप काढून टाकेल, गोळीची आठवण राहील बाजूलाच. ‘सकाळी ८ च्या गोळीची नोंद नाही. घेतली आहे का?’ एवढं पुरे.

‘हे पाचवीच्या मुलालाही कळेल’ असं प्रमाणपत्र एआय देतं, त्यावरही विसंबू नकोस. वाचनाची पातळी मोजायचं फ्लेश यांचं प्रसिद्ध सूत्र १९४८ चं, इंग्रजीसाठी बेतलेलं. ते वाक्याची लांबी आणि शब्दातले उच्चाराचे तुकडे (सिलेबल्स) मोजतं. आपल्याकडे ‘प्रमाणीकरण अयशस्वी’ हे दोनच शब्दांत संपतं आणि वाचणाऱ्याला काय करायचं ते कळत नाही.

काही ठिकाणी तर दोष मजकुराचा नसतोच. ओटीपीची सूचना तू कितीही सुबक लिही, पेस्ट करायची सोय बंद ठेवली असेल तर डिस्लेक्सिया असलेल्या माणसाला ते आकडे एकेक करून उतरवावे लागतात, आणि त्यांची अदलाबदल होऊ शकते. वेबसाइट सगळ्यांना वापरता याव्यात म्हणून ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी २.२ या नियमावलीत हे आहे: लॉगिनसाठी पाठांतर किंवा कोडं सोडवणं हाच एकमेव मार्ग ठेवू नका, आणि एकाच प्रक्रियेत दिलेली माहिती पुन्हा भरायला लावू नका. वेळ संपत आली तर आधी सांगून ती वाढवायला निदान २० सेकंद द्या, हा नियम तर त्याहून जुना. डेव्हलपरांना हे दाखव. वाद निम्मा मिटेल.

आता तुझा अवघड प्रश्न: एकाला थोडक्यात हवं, दुसऱ्याला सविस्तर, मग करायचं काय? ऑटिझमवाल्यांसाठी एक आणि एडीएचडीवाल्यांसाठी एक अशा आवृत्त्या काढू नकोस. कित्येकांमध्ये दोन्ही असतं. २०१३ च्या डीएसएम-५ या मानसिक निदानांच्या अमेरिकन पुस्तिकेआधी ही दोन निदानं एकत्र देता येत नव्हती, म्हणून अजूनही लोक त्यांना वेगवेगळ्या खणांत टाकतात. पहिल्या ओळीत कृती लिही, खाली उघडता येईल असा तपशील ठेव, आणि एकदा उघडा ठेवला की पुढच्या वेळीही तो तसाच राहू दे.

‘तू ऑटिस्टिक व्यक्ती आहेस असं समजून मजकूर तपास’ असा प्रॉम्प्ट तू दिलास, त्याचं उत्तरही वाचलं. सगळं ऐकीव. ‘मला गोंगाट आवडत नाही’, अरे, पण स्क्रीनवर आवाज आहेच कुठे? त्यापेक्षा ही माणसं प्रत्यक्ष बोलाव आणि त्यांच्या वेळेचे पैसे दे. ‘आवडलं का’ विचारू नकोस, लोक भिडेखातर हो म्हणतात. बटणावर बोट ठेवायच्या आधी विचार, ‘हे दाबलं तर काय होईल असं वाटतं?’ आणि मग गप्प बस. तुला ते जड जाईल, ठाऊक आहे.

चुकलेल्या गोळीचा मजकूर मात्र त्याआधीच डॉक्टरांकडून तपासून घे. तो एआयवर सोडू नकोस, आणि माझ्यावर तर मुळीच नको.

तुझा,
नितीन