ड्रम्सचा आवाज आणि भांडणारे चाहते

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडच्या, इटलीतल्या पॉम्पेईत चित्रित झालेल्या जुन्या कार्यक्रमाची नवी आवृत्ती आणि तिच्यावरून चाहत्यांत पेटलेला वाद यावरचं टिपण आपल्या रविवार पुरवणीत वाचलं. टिपण माहितीपूर्ण होतं. पण पन्नास वर्षांपूर्वीच्या व्हिडिओत ड्रम्स थोडे वर आले की खाली गेले यावर प्रौढ माणसांनी भांडावं, हे लेखकाला पोरकट वाटतं. मला ते पटलं नाही. मी पुण्यात साऊंडचं काम करत आयुष्य काढलं. बालगंधर्व, टिळक स्मारक, भरत नाट्य मंदिर, कोथरूडचं यशवंतराव चव्हाण नाट्यगृह आणि भाद्रपदात मंडळांचे मांडव. लोक आम्हाला अजूनही ‘माईकवाले’ म्हणतात. कुठलं वाद्य किती वर घ्यायचं हेच आमचं रोजचं काम, आणि या वादाइतकं नीट कान देऊन ऐकणं मी आमच्या धंद्यातसुद्धा क्वचित पाहिलं आहे.

ज्यांनी हा कार्यक्रम पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. दिग्दर्शक एड्रियन मेबन सुट्टीवर पॉम्पेईला गेला होता आणि तिथे त्याचा पासपोर्ट हरवला. तो शोधायला संध्याकाळी पुन्हा अवशेषांत शिरला तेव्हा त्या रिकाम्या रोमन आखाड्यातली शांतता त्याच्या मनात बसली. ख्रिस्तपूर्व ७० च्या सुमाराचा हा आखाडा इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गेला होता. तिथे श्रोत्यांशिवाय वाजवायचं, अशी त्याची कल्पना. ऑक्टोबर १९७१ मध्ये ती प्रत्यक्षात आली.

बँडची अट एकच होती: आधी मुद्रित केलेल्या आवाजावर ओठ आणि हात हलवायचे नाहीत, जे वाजेल ते तिथेच मुद्रित करायचं. म्हणून दौऱ्यावरचं सगळं सामान लंडनहून ट्रकने तीन दिवसांचा प्रवास करून आलं. सामान लागलं आणि मग लक्षात आलं की वीज पुरत नाही. शेवटी गावातून रस्त्याने लांबच लांब केबल ओढून आणली, तोवर चित्रीकरणाचे मोलाचे दिवस गेले होते. आमच्यापैकी प्रत्येकाने गणपतीत कुठल्या ना कुठल्या वाड्यातून अशी केबल ओढली आहे. त्यामुळे कॅमेरा जेव्हा स्पीकरच्या पाठीमागून हळूहळू सरकतो आणि काळ्या खोक्यांवर ठशाने रंगवलेलं ‘पिंक फ्लॉइड, लंडन’ दिसतं, तेव्हा मी वाजवणाऱ्यांआधी ती खोकी वाहून आणणाऱ्यांचा विचार करतो.

दिवस कमी पडले म्हणून प्रत्यक्ष आखाड्यात तीनच रचना झाल्या आणि बाकीच्या नंतर पॅरिसच्या स्टुडिओत चित्रित केल्या. हे चाहत्यांनी कशावरून ओळखलं? कीबोर्ड वाजवणाऱ्या रिचर्ड राइटच्या दाढीवरून. पॉम्पेईत त्याला दाढी आहे, पॅरिसमध्ये नाही. एका रचनेत जवळजवळ सगळा वेळ फक्त ड्रमर निक मेसनच का दिसतो? कारण त्या वेळची बाकीची रिळं हरवली. त्याच रचनेत ऐन वेगात मेसनच्या हातातली स्टिक निसटते, तो दुसरी उचलतो आणि ठेका सुटत नाही. चाहते या क्षणाची वाट बघत बसलेले असतात. आपल्याकडे एखाद्या मैफलीत तानपुऱ्याची तार तुटली आणि गायकाने तो सूर कसा सांभाळला, हे जाणकार चाळीस वर्षांनी सांगतात. त्याला आपण रसिकता म्हणतो. मग इकडे नाक का मुरडायचं?

आता वादाकडे येतो. हा चित्रपट १९७२ मध्ये एडिंबरोच्या महोत्सवात पहिल्यांदा दाखवला गेला. १९७४ मध्ये त्यात लंडनच्या अॅबी रोड स्टुडिओतले प्रसंग जोडले, ज्यात मेसन कॅन्टीनमध्ये कडेच्या पारीशिवायचा अॅपल पाय मागतो. २००३ च्या डीव्हीडीसाठी मेबनने स्वतःच संगणकावर केलेली अंतराळाची आणि जुन्या पॉम्पेईची चित्रं मध्ये घातली. चाहते तेव्हा फार नाराज झाले. दिग्दर्शकाचा अधिकार मान्य करूनही ते म्हणत राहिले की आम्हाला ते चार जण आणि ते दगड बघायचे आहेत. २०२५ च्या आवृत्तीत ती चित्रं नाहीत. बँडच्या संग्रहात अर्धवट लेबलं लावलेल्या पाच डब्यांत ३५ मिमीची मूळ निगेटिव्ह सापडली, बँडच्या जुन्या चित्रफिती दुरुस्त करण्याचं काम पाहणाऱ्या लाना टॉपम यांच्या देखरेखीखाली एकेक चौकट हाताने साफ झाली आणि फोर-के मध्ये २४ एप्रिल २०२५ ला चित्रपट थिएटरांत आला. पाठोपाठ २ मे ला ध्वनिमुद्रणही आलं आणि ब्रिटनच्या अल्बम-यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. श्रोत्यांवाचून झालेली मैफल, आणि तिला ही दाद!

आमच्या इथे पौड रोडवर एका स्नेह्यांकडे पाच अधिक एक स्पीकरची चांगली व्यवस्था आहे. ब्लू-रे आल्यावर आम्ही तिथे जमलो. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले एक मित्र होते. त्यांनी हा कार्यक्रम ऐंशीच्या दशकात कुणाच्या तरी भावाने परदेशातून आणलेल्या व्हीएचएसच्या प्रतीच्या प्रतीवर पाहिला होता. त्यांचा पहिल्या पाच मिनिटांतच विरस झाला. “अरे, धूर कुठे गेला? ते सगळं धुक्यातून आल्यासारखं दिसायचं.” मी म्हणालो, तो धूर नव्हता, टेप झिजली होती. ते म्हणाले, “असेल. पण मी त्याच्यावर जीव लावला होता.” यावर मला काही बोलता आलं नाही, आणि त्यांचं म्हणणं मी आजही खोडून काढणार नाही.

दुसरी एक मुलगी, कोथरूडच्या एका मेटल बँडमध्ये ड्रम्स वाजवते. तिने मेसनचा डावा हात बघण्यासाठी एकच तुकडा पुन्हा पुन्हा मागे घ्यायला लावला. “काका, बघा ना, तो मनगटाने मारतोय, खांद्याने नाही. आम्ही उगाच दमतो.” तिच्या आवडीच्या बँडच्या व्हिडिओंत दर दोन सेकंदांना दृश्य बदलतं, त्यामुळे वाजवणाऱ्याचा हात सलग बघायलाच मिळत नाही, ही तिची तक्रार. इथे कॅमेरा थांबतो. अख्खं आवर्तन बघू देतो.

तिसरे होते एक तबल्याचे शिक्षक. रॉकशी त्यांचा संबंध नाही, आमच्या आग्रहाखातर आले होते. पहिल्या रचनेच्या सुरुवातीला राइटच्या पियानोचा तो एकच सुटा, पाण्यात थेंब पडल्यासारखा स्वर लेस्ली स्पीकरमधून (आत फिरत्या भागामुळे आवाज लहरत येतो तो) येतो. त्यावर त्यांची मान हलली. पुढे त्यांनी विचारलं, “समोर कुणीच नाही, मग हे एकमेकांकडे इतकं बघतात कशाला?” आणि स्वतःच म्हणाले, “बरोबर आहे, दाद आतल्या आत चालली आहे.” मी हा कार्यक्रम तरुणपणापासून पाहत आलो आहे, पण त्यांच्यामुळे मी त्या रात्री चेहऱ्यांकडे बघायला लागलो. बास गिटारवाला वॉटर्स मेसनकडे बघतो, गिटारवाला गिल्मर राइटकडे, आणि स्वर लागला की मान किंचित खाली जाते. राइट २००८ मध्ये गेला. त्याचा तो पाठमोरा, वाकलेला खांदा स्वच्छ पडद्यावर बघताना आमच्यातले दोघे उठून बाल्कनीत गेले.

माझं स्वतःचं मत विचाराल तर नवं मिक्स, म्हणजे वाद्यांच्या आवाजांची नव्याने केलेली जुळणी, मला आवडलं. बास गिटार आणि बासड्रम आता एकमेकांत कालवले जात नाहीत, दोन्ही स्वतंत्र ऐकू येतात. गाँगवर वॉटर्स घाव घालतो तेव्हा झंकार पूर्ण विरेपर्यंत ऐकू येतो. पण झांजा मला जरा जास्त उजळ वाटल्या, आणि मोकळ्या आकाशाखालच्या दगडी पायऱ्यांवरून आवाज परत येतो त्याची जी एक कोरडी ओळख असते, ती मला आणखी हवी होती. ज्यात बोर्झोई जातीची एक कुत्री हेल काढून ‘गाते’ ते गाणं मात्र मला कुठल्याच आवृत्तीत फार आवडलेलं नाही, चाहते रागावले तरी चालतील.

हे मिक्स करणारा ब्रिटिश संगीतकार स्टीव्हन विल्सन स्वतः चाहता आहे. त्याने हा चित्रपट पोरवयात जवळच्या थिएटरात धूसर प्रिंटवर पाहिला होता. आणि हा माणूस पुणेकरांना अनोळखी नाही. डिसेंबर २०१६ मध्ये एनएच सेव्हन वीकेंडर या संगीत महोत्सवात तो इथे वाजवून गेला. लोक त्या रात्रीही तपशिलावरून वाद घालत बाहेर पडले होते. म्हणजे ज्याच्या हाती आज मूळ टेपा सोपवल्या गेल्या, तो अशाच भांडणाऱ्या ऐकणाऱ्यांमधून वर आला. ही साखळी आपल्या टिपणात यायला हवी होती, असं मला फार वाटतं.

आणि आता जे मला खरं तर सांगायचं आहे. आपल्या शहरात काय उत्तम दर्जाचं वाजलं आणि गायलं गेलं! त्यातलं पुष्कळ कुणी ना कुणी मुद्रित केलेलं आहे. ते कुठे आहे? कपाटांत, माळ्यांवर, ट्रंकांत. स्पूल, कॅसेट, नंतरच्या डॅट टेपा. पुण्याच्या पावसाळ्यात त्यांवर बुरशी चढते. काही टेपांचा चिकटा ओल शोषून सुटतो आणि लावल्याबरोबर त्या मशीनच्या हेडला चिकटून ओरखडतात. अशी टेप घाईने लावली तर ती शेवटचीच लावणं ठरतं. ती आधी जाणकाराला दाखवावी, उभी ठेवावी, कोरड्या जागी ठेवावी.

ओलीपेक्षा मोठं नुकसान मात्र आपण आपल्या हातांनी करतो. काही वर्षांपूर्वी एका आयोजकांनी त्यांच्या जुन्या मैफली प्रसिद्ध करायच्या म्हणून मला बोलावलं. (नाव लिहीत नाही, हेतू वाईट नव्हता.) त्यांची सूचना अशी: तंबोरे जुळवतात तो भाग काढा, गायक पेटीवाल्याला मध्येच काही सांगतात ते काढा, पहिल्या रांगेतले गृहस्थ मोठ्याने ‘वा!’ म्हणतात ते काढा, आणि शेवटी टाळ्या कमी आहेत, दुसऱ्या कार्यक्रमातल्या लावा. मी त्यांना समजावायचा खूप प्रयत्न केला. त्या ‘वा!’नंतर गायकांनी तीच जागा पुन्हा, थोडी उलटी करून घेतली होती. ‘वा!’ काढलं तर ती पुनरुक्ती वाटते, ठेवलं तर संवाद ऐकू येतो. त्यांनी ऐकलं नाही. काम दुसऱ्याने केलं. ती सीडी गुळगुळीत आहे, आणि तिच्यावर तबल्याच्या साथीदाराचं नावसुद्धा नाही.

तेव्हा हरकत घ्यायला कुणी नव्हतं, याचं मला जास्त दुःख आहे. पॉम्पेईत कुणी संगणकाचे ग्रह घातले तर जगभरातले लोक वर्षानुवर्षं ‘काढा ते’ म्हणत राहतात. आपल्याकडे मैफल कापली गेली तर कुणाला कळतसुद्धा नाही, कारण मूळ किती होतं हे कुणी लिहून ठेवलेलं नसतं. म्हणून मला दाढीवरून दिवस ओळखणारे चाहते हवे आहेत. आपल्या गायक-वादकांना, लोककलावंतांना, एकांकिकांना, पुण्यातल्या महाविद्यालयीन बँडनाही. त्या मेटलवाल्या मुलीच्या बँडचे पहिल्या वर्षांचे कार्यक्रम फोनवर मुद्रित झाले होते, फोन बदलला तसे गेले. ती बावीस वर्षांची आहे आणि तिचा इतिहास आत्ताच अर्धा पुसला गेला आहे.

आपल्या वाचकांपैकी ज्यांच्याकडे अशा टेपा आहेत, त्यांना माझी विनंती: डब्यावर आज, आठवतं आहे तोवर, तारीख, जागा, मुख्य कलाकार आणि साथीदार यांची नावं शिसपेन्सिलीने लिहा. शाई ओलीने फुटते. कार्यक्रम प्रसिद्ध करायचा असेल तर हवा तेवढा कापून करा, पण न कापलेली मूळ प्रत वेगळी जपा आणि ती कुठे आहे हे घरातल्या दोन माणसांना सांगून ठेवा.

आणि आपल्याकडे एक मागणं आहे. आपल्या अंकात संगीताच्या कार्यक्रमांचे वृत्तांत येतात, त्यात पाहुण्यांच्या सत्काराला चार-चार ओळी मिळतात. त्यातली एक ओळ कमी करून साथीदारांची पूर्ण नावं, ध्वनिव्यवस्था कोणाची होती आणि ध्वनिमुद्रण झालं का, एवढं छापावं. पुढे कुणाला लेबल नसलेले पाच डबे सापडले, तर निदान आपल्या जुन्या अंकांतून त्यांना तारीख लावता येईल.

आपला,
एक माईकवाला
कर्वेनगर, पुणे ५२