पेरादाची, म्हणजे पेरूच्या वडीची, कृती मागितलीस म्हणून

म्हापसा,
डिसेंबर

प्रिय सुमे,

तुझा निरोप मिळाला. नाताळच्या सुट्टीत मुलं-नातवंडं सगळी पुण्यात जमणार आणि त्यांच्यासाठी दुकानातल्या चॉकलेटऐवजी जुन्या पद्धतीचं घरचं काहीतरी करायचं, हा बेत झकास आहे. पण तुझी यादी वाचून मला धडकीच भरली. दोदोल, बिबिंका, दोस, कुलकुल, नेवऱ्या, कोकाद, पेराद, मिल्क क्रीम! बाई गं, आमच्याकडेही हे सगळं एकटी बाई करत नाही. कुणी दोदोल आटवतं, कुणाच्या घरी कुलकुलं वळायला पोरं गोळा होतात, आणि मग एकमेकांकडे ताटं जातात. ताटात आठ जिन्नस दिसतात ते त्यामुळे. आम्ही चवथीला नेवऱ्या पाठवायच्या आणि नाताळात ख्रिस्ती शेजाऱ्यांचं ताट यायचं, हे तर मी लग्न होऊन आले तेव्हापासून पाहते आहे.

तेव्हा माझं ऐक, दोनच पदार्थ कर. पेराद आणि मिल्क क्रीम. तळणीचं तुझ्या सुनेला करू दे. बिबिंकाच्या वाटेला जाऊ नकोस. २०२३ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हापासून येणारा-जाणारा तेच मागतो, पण एकेक थर भाजत दिवस जातो आणि नातवंडं एका घासात संपवतात. कोकाद एरवीही खोबरं-साखरेच्या वड्यांचीच बहीण, ती तुला शिकवायला नको.

आता पेराद. पेरू सगळेच पिकलेले घेऊ नकोस, चारात एक तरी किंचित करकरीत असू दे. कच्चटपणात पेक्टिन जास्त असतं आणि वडी धरून ठेवतं ते तेच. आम्ही शुक्रवारच्या बाजारातून गावठी पेरू आणतो, आतून गुलाबी असले तर रंगाची चिंताच नको. सोलून, फोडी करून, जेमतेम बुडतील इतक्या पाण्यात मऊ शिजव आणि बारीक चाळणीवर घासून गर काढ. पुरणयंत्र काढू नकोस, त्याच्या जाळीतून बिया निसटतात आणि मग दाताखाली कचकच. गर एक किलो भरला तर साखर पाऊण किलो. जुन्या बायका बरोबरीने घालतात, मला ते गोडमिट्ट वाटतं. वर दोन लिंबांचा रस. लिंबू नुसत्या चवीसाठी नाही गं, आंबटपणाशिवाय पेक्टिन नीट घट्ट होत नाही, शिवाय साखर पुन्हा दाणेदार व्हायची ती होत नाही.

जाड बुडाचं पातेलं घे आणि खोल घे. आटायला लागलं की पेराद उडतं, आणि ते ऊन ऊन टिपूस मनगटावर पडलं की चिकटून भाजतं. लांब दांड्याचा लाकडी कालथा आणि हाताला फडकं, एवढं कराच. सुरुवातीला मोठ्या आचेवर चाललं तरी चालतं, पण मग आच कमी कर आणि हात थांबवू नकोस. तासभर तरी लागतो. आधी ते पिठल्यासारखं रटरटतं, मग आवाज बसतो, रंग खाली उतरतो आणि कालथा तळावरून ओढला की मागे वाट उरते, लगेच भरून येत नाही. कडा सोडायला लागलं की चमचाभर लोणी घाल, दोन मिनिटं परत, आणि तूप लावलेल्या ताटात ओत.

तुझ्या लेकीने साखरेचं थर्मामीटर आणलंय म्हणालीस. नुसत्या पाकासाठी ते उत्तम. पाकातलं पाणी जसं उडतं तसा तो जास्त तापतो, म्हणून गोळीबंद पाक साधारण ११५ अंशांवर येतो आणि कडक गोळ्यांचा पाक १५० च्या घरात जातो, हे काटा बरोबर सांगतो. पण घट्ट गरात वर एक आकडा दिसतो आणि बुडाशी करपायला लागलेलं असतं. तिथे कडेकडे बघ. आणि लाल रंग अजिबात घालू नकोस. बाजारातलं पेराद लालभडक असतं खरं, पण घरचं तपकिरी-लालसर झालं तरच ते नीट आटलंय असं मी समजते.

हे सगळं मला शिकवलं शेजारच्या आंटींनी. त्या या वर्षी दुःखात आहेत, पावसाळ्यात अंकल गेले. अशा वर्षी घरात नाताळचं गोड करत नाहीत, बाहेरून आलं तर घेतात. म्हणून १९ डिसेंबरच्या, आमच्या मुक्तिदिनाच्या सुट्टीला मी पातेलं चढवलं, त्यांच्यासाठी म्हणून. त्या आल्या, स्वयंपाकघरात स्टूलवर बसल्या, काळा झगा, हातात पाण्याचा पेला. म्हणाल्या, ‘‘मी नुसती बघायला आले.’’ थोड्या वेळाने म्हणाल्या, ‘‘आच कमी कर गो.’’ मग, ‘‘बाजूचं खरवड, बाजूचं.’’ आणि मी लिंबू पिळायला वळले तेवढ्यात कालथा त्यांच्या हातात. मी काही बोलले नाही. त्यांनी ताटात ओतलं, पेल्याच्या बुडाला लोणी लावून तो फिरवून सारखं केलं आणि कोमट असतानाच सुरीने शंकरपाळ्यांच्या आकारात रेघा मारल्या. घर माझं, पातेलं माझं, तेव्हा पेराद माझंच, असं त्या जाताना सांगून गेल्या.

पोर्तुगालात हीच वडी क्विन्स नावाच्या फळाची करतात. इथे ते पिकत नाही. १५१० पासून १९६१ पर्यंत ते लोक इथे राहिले, आणि पेरूही त्यांच्याच जहाजांमागून अमेरिकेतून आलेला, मग त्याचीच वडी व्हायला लागली. मार्झिपान नावाच्या मिठाईचंही तेच. तिकडे बदाम, इकडे काजू, आणि काजूचं झाडसुद्धा मूळचं ब्राझीलचं. आता मला सांग, यातलं परकं काय राहिलं? तुझ्या नणंदेला हे पदार्थ ‘आपले’ वाटत नाहीत ना, तिला पहिली वडी दे.

मिल्क क्रीमचं फार सांगत नाही. एक लिटर सायीचं दूध निम्म्यावर आटव, अर्धा किलो साखर, शंभर-दीडशे ग्रॅम काजूची अगदी बारीक पूड. गोळा होऊन पातेलं सोडू लागला की लोणी घालून उतरव आणि हाताला सोसेल इतका गरम असताना मळ. साच्यांना लोणी लावून दाबून भर. साचे मी पाठवते, शिंपले, मासे आणि फुलं असे आहेत, मुलं माशांवरून भांडतील. गोळा कोरडा पडून फुटायला लागला तर चमचाभर दूध शिंपडून पुन्हा मंद आचेवर धर.

एक मात्र ध्यानात ठेव, पुण्याची थंडी कोरडी. आमच्याकडे पेराद रात्रभर उघडं ठेवतो तेव्हा कुठे हाताला चिकटायचं थांबतं. तुझ्याकडे सकाळपर्यंत कडा कातड्यासारख्या होतील. वर मलमल टाक आणि कापल्या कापल्या वड्या बटर पेपरात गुंडाळ.

उद्या बसने डबा पाठवते. त्यात आंटींचं, म्हणजे माझं, पेराद आहे, साचे आहेत आणि पणजीच्या फेस्तातून आणलेलं थोडं खाजं. आल्याचं गुळाचं आहे, भावजींना खोकल्याच्या नावाखाली आवडेल. डब्याच्या बदल्यात मला संक्रांतीला तुझा काटेरी हलवा हवाय, खसखशीवरचा, बारीक. इथल्या दमट हवेत मी कितीही मंद निखाऱ्यावर परात धरली तरी मनासारखा काटा येत नाही. आणि या वेळी पाव किलोने भागणार नाही. आंटींनाही द्यायचा आहे, त्यांनी तो कधी खाल्लेला नाही.

तुझी,
नलू